बडनेऱ्याच्या शेडमधलं लाँचचं इंजिन

त्या वर्षी माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. माय म्हणायची, "कुंदे, पायाले भिंगरी लागली का वं तुह्या? बस ना उलीशी." बसायचं कुठे? बडनेऱ्याचं आमचं घर रुळांना इतकं लागून होतं की मालगाडी गेली की फळीवरचे जर्मनचे डबे आपसात वाजायचे आणि चुलीवरच्या वरणात लाटा यायच्या. स्टेशनवरची घोषणा थेट आमच्या मोरीपर्यंत ऐकू यायची. ही गाडी भुसावळला चालली, ती नागपूरला चालली, सगळं जग कुठे ना कुठे निघालेलं, आणि मी परातीत ज्वारीची भाकर थापत बसलेली. भाकर तव्यावर टाकायची, उठून दारात जायचं, गाडीचे डबे बघायचे, परत यायचं, तोवर भाकर करपलेली. माय मग ती करपलेली भाकर मुद्दाम माझ्याच ताटात वाढायची आणि वर ठेच्याचा गोळा ठेवायची. खा म्हणे, भटकभवाने. आता साठी उलटून गेली, गुडघे बोलायला लागले, तरी अजून गाडीची शिट्टी ऐकली की मी उभी राहते. सून हसते. हसू दे.

बाबा रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे टिनाची शेड टाकली आणि इंजिनं दुरुस्त करायला लागले. शेतातल्या विहिरीवरची, संत्र्याच्या बागेतल्या फवारणीची, ट्रॅक्टरची, कुणाच्या जुन्या ट्रकचीसुद्धा. बाबांचं नाव होतं. लोक बाळापूरकडून, चांदूरकडून गाडी करून इंजिन आणायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, तुमीच हात लावा, दुसऱ्या कोनाचा हात नाई पायजे. आणि इथेच सगळी गोम होती. बाबांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू असता तर कापून मोकळे झाले असते, पण हा काचबिंदू. कडांकडून अंधार भरत आला होता आणि मधे उरलं होतं ते सुपारीएवढं, तेही धुरकट. ही गोष्ट फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती. माय, बाबा आणि मी. शेडीवर घर चालत होतं, आणि आंधळ्या मिस्त्रीकडे कोण इंजिन आणणार?

म्हणून आम्ही एक रीत बसवली होती. गिऱ्हाईक समोर असलं की बाबा इंजिनाशी बसायचे आणि मी शेजारी रॉकेलची परात घेऊन. पाना देते आहे असं दाखवत मी तो बरोबर नटावर नेऊन टेकवायची, बाबा फक्त फिरवायचे. डावा नट सैल असला की मी एकदा खाकरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्रीची पोरगी लय गुणाची हाय बावा, बापाले पाना देते." गिऱ्हाइकाची पाठ फिरली की मी ओढणी कंबरेला खोचून इंजिनाखाली, आणि बाबा स्टुलावर कान तिरका करून. त्यांचे कान आणि त्यांची बोटं मात्र शाबूत होती. बेअरिंग गेलेलं त्यांना आवाजावरून कळायचं, लायनरवरचा ओरखडा नखाने सापडायचा. शिकवलं सगळं त्यांनीच. पण काम मी करत होते, आणि नाव बाबांचं होत होतं. सुरुवातीला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या वर्षी वाटायला लागलं. आतून निरा, नुसती चुरचुर व्हायची.

अशात वासुदेवभाऊ आले. अकोल्याचे. बिछायत केंद्र होतं त्यांचं, लग्नांना मांडव, गाद्या, भांडी पुरवायचे. गडी उत्साही, बोलायला लागला की थांबत नसे. त्यांच्या डोक्यात आलं होतं की बाळापूरच्या पलीकडच्या धरणात लाँच फिरवायची, लोक बायकापोरं घेऊन येतील, काठावर आपलाच मांडव, आपलाच नाश्ता. कोकणाकडून त्यांनी एक जुनी लाँच उचलून आणली होती. इंजिन तिच्या पोटात, मधोमध, लाकडी पेटीत बंद. आणि ते इंजिन जाम. आठ गड्यांनी ते ट्रकमधून उतरवून आमच्या शेडीत ठेवलं तेव्हा मी त्याच्याभोवती नुसत्या फेऱ्या मारत होते. समुद्र पाहिलेलं इंजिन! त्याच्या खाचांमध्ये पांढरं मीठ साचलेलं होतं. मी बोटाला लावून चाखून बघितलं. माय ओरडली, "माय वं! का खाऊन राह्यली थे?"

बोलता बोलता वासुदेवभाऊ म्हणाले, "मिस्त्री, लाँचीवर एक ड्रायव्हर लागन. इंजिन समजणारा. तिथंच धरणावर राहाले खोली देतो, पगार देतो. कोनी पोट्टा असन तं सांगा." मी परात धरून तिथेच बसले होते. माझे कान तापले. ते गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, त्यायले माह्यं नाव सांगा." बाबा नुसते हातातला बोल्ट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग पाहू." आमच्या घरात 'मंग पाहू' म्हणजे नाही. आणि कारण मला कळत होतं. कुंदाला इंजिन समजतं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग तुमच्या शेडीत काम कोण करतं, मिस्त्री?

तरी मी आशा सोडली नाही. हे इंजिन असं चाललं पाहिजे की बाबांच्या तोंडून माझं नाव आपोआप निघेल, असं मी मनाशी घेतलं. आठवडेच्या आठवडे मी त्या इंजिनात बुडाले होते. पिस्टन काढले, रिंगा बदलल्या, लायनर बसवले, हेड घासून आणलं. बाबांनी हात फिरवून सांगितलं की हे मूळचं ट्रकचंच इंजिन आहे, पाण्यावर चालवायला त्याला थोडा साज चढवलेला. ते बरोबरच होतं. आणि त्या साजातला मुख्य दागिना म्हणजे दोन मॅनिफोल्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सिलिंडरांमधून निघणारा धूर एका ठिकाणी गोळा करून मागच्या नळीत सोडणारा हा बिडाचा पाइप. या इंजिनाला असे दोन होते, तीन-तीन सिलिंडरांना एक. पण ट्रकच्या मॅनिफोल्डाला एकच भिंत असते, यांना दोन. धुराची वाट आत, आणि दोन्ही भिंतींच्या मधल्या पोकळीतून पाणी खेळवलेलं. समुद्राच्या मिठाने ती आतली भिंत खाऊन टाकली होती, चाळणी झाली होती निरा. तिथूनच पाणी सिलिंडरात उतरलं आणि इंजिन मेलं.

"बाबा, धुराभोवती पानी काहून खेळवलं असन?" मी विचारलं.

"त्याच पान्यानं मारलं ना त्याले," बाबा म्हणाले. "सायलेन्सरच्या वाटेत पानी आलं म्हणजे इंजिनाले रोग झाला. आन् या शहाण्यायनं रोगच बसवून देल्ला."

आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री हेच म्हणाला असता. आमच्या मुलखात पाणी रेडिएटरमध्ये घालायचं, बाकी कुठे दिसलं तर गॅसकेट गेलं समजायचं. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब टपकलेले ट्रॅक्टर आम्ही किती उघडले असतील. मी पुन्हा एकदा विचारलं, बाबा चिडले, "तू मले शिकवतं का?" आणि मग मलाही पटलंच. अकोल्याच्या भंगार बाजारातून त्याच जातीच्या ट्रकचे दोन साधे मॅनिफोल्ड आणले. छिद्रं तंतोतंत जुळली. पाण्याच्या नळ्या परस्पर एकमेकींना जोडून दिल्या. अंगणात इंजिन लोखंडी घोडीवर ठेवलं, पाण्याच्या ड्रमात पंपाची नळी सोडली आणि सुरू केलं. बाप्पा, काय आवाज होता! गुळगुळीत, भरीव. माय हातातलं पीठ झटकत बाहेर आली. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी मी अमरावतीला जाऊन गिला वडा खाऊन आले, एकटी, उभ्याने, भर बाजारात. इतका आनंद झाला होता.

लाँच पाण्यात उतरवायची म्हणून वासुदेवभाऊंनी धरणाच्या काठावर लग्नासारखा मांडव टाकला होता. कर्णे लावले होते, चिवड्याच्या परड्या मांडल्या होत्या. लाँचीला आणि इंजिनाच्या पेटीला नवा निळा ऑइल पेंट. आम्ही तिघंही गेलो होतो. माय काठावर थांबली. लाँचीत आम्ही बापलेक आणि हार घातलेले वासुदेवभाऊ. सुकाणूचं चक्र बाबांच्या हातात आणि मी शेजारी उभी, ओठ न हलवता सांगते आहे, "उजवीकडे घ्या, उलसं अजून." मी तोवर असलं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. चारी बाजूंनी मोकळं, आणि आपण त्यावरून पुढे चाललो आहोत, आपण जोडलेल्या इंजिनावर. मला ओरडावंसं वाटत होतं.

धरणाच्या मध्यावर आलो तेव्हा बाबांनी नाक वर केलं. "रंग जळून राह्यला," ते म्हणाले. मी पेटीकडे पाहिलं तर निळ्या रंगाला फोड येत होते. मग रबर जळाल्याचा वास आला आणि मागच्या नळीजवळून काळा धूर. मी पेटीचं झाकण उघडलं आणि उष्णतेने मागेच सरले. दोन्ही मॅनिफोल्ड विस्तवातल्या कोळशासारखे लाल झाले होते. अंगणात उघड्यावर वारा लागत होता, ट्रकच्या बॉनेटखाली वारा लागतो. इथे बंद पेटी, आणि भोवती लाकूड. मी डिझेल बंद केलं. तेवढ्यात वासुदेवभाऊंनी बादली बुचकळून पाणी उपसलं. मी किंचाळले, "भाऊ, टाकू नोका!" पण त्यांनी टाकलंच. तापलेलं बीड आणि थंड पाणी. फटाका फुटावा तसा आवाज झाला, वाफेत काही दिसेना, आणि वाफ गेल्यावर दोन्ही मॅनिफोल्डांना आरपार तडे. मी हाती लागलेलं गोणपाट भिजवून धुमसणाऱ्या लाकडावर दाबत होते. बाबा चक्र धरून तसेच उभे होते, कुणीकडे बघावं हे न कळून. मला त्यांची इतकी दया आली आणि इतका राग आला, दोन्ही एकदमच.

मासे धरणाऱ्यांनी डोंग्याला बांधून आम्हाला ओढत आणलं. काठावर कर्ण्यातून सनई चालूच होती. वासुदेवभाऊंचा हार ओला होऊन पोटाला चिकटला होता आणि ते सगळ्या लोकांपुढे म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातात खोट नाई, हे मले मालूम हाय. पोरीच्या हातानं काईतरी ढिलं राह्यलं असन. पोरीले कायले हात लावू देता जी?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा गप्प राहिले.

घरात पाय टाकला आणि बांध फुटला. शेडीतले पाने मी एक एक करून फेकले. "म्या इचारलं होतं का नाई? दोनदा इचारलं. आन् तिथं तुमी मुके झाले!" माय चुलीपाशी होती. तिने खोदून खोदून सगळं काय झालं ते विचारून घेतलं आणि म्हणाली, "रिकामं भगोणं चुलीवर ठेवलं तं लाल होईनच ना. पानी असलं तं जळत नाई. यात का समजत नाई तुमाले?" इतकं साधं. पाणी रोग नव्हतं, पाण्यानेच ते बीड हात लावण्याइतकं थंड राहत होतं. पाण्यात चालणारी वस्तू बनवणाऱ्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त अक्कल असेल, हे कोरड्या मुलखातल्या आम्हाला सुचलंच नाही. बाबा उठले, कोपऱ्यात पडलेला जुना मॅनिफोल्ड चाचपडत शोधला, पोकळीत बोट घालून मिठाने खाल्लेली भिंत चाचपली. मग म्हणाले, "चुकलं बाई माह्यं."

"घरात बोलून का होते? बाहेर बोला."

"बाहेर बोललो तं शेड बंद होईन, कुंदा."

"मंग माह्यं का होईन?" मी म्हणाले. मायने पातोडीचा रस्सा केला होता, बाबांच्या आवडीचा. कुणीच जेवलं नाही. मी अंगणात फेऱ्या मारत राहिले आणि बाबा आतून माझ्या चपलांचा आवाज ऐकत राहिले, मला माहीत आहे, कारण मी थांबले की त्यांची खाट करकरायची.

वासुदेवभाऊ माणूस वाईट नव्हता. बादली आपणच ओतली हे त्यांना टोचत असावं. त्यांनी लाँच विकणाऱ्याकडे निरोप धाडला आणि दुहेरी भिंतीचे मॅनिफोल्ड रेल्वेच्या पार्सलने बडनेऱ्याला आले. इंजिन लाँचीतच होतं, म्हणून आम्ही काम धरणावरच केलं, एका बाभळीखाली लाँच काठाला बांधून. तडकलेले काढताना एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा खिळा, तुटून हेडमध्ये राहिला. असा अर्धा तुटलेला स्टड म्हणजे जिवाला घोर. जोर केला तर हेड जातं. मी घाई करत होते. बाबा म्हणाले, "सरक." तुटक्या तोंडावर त्यांनी बोट ठेवलं, माझ्याकडून त्यावर नट धरवला, गावातून आणलेल्या वेल्डिंगवाल्याकडून आत टाका मारून घेतला, आणि मग तो नट इतक्या हळू फिरवला की फिरतो आहे हे दिसतच नव्हतं. मागे, पुढे, मागे, पुढे. स्टड अख्खा बाहेर आला. आमच्या दोघांचं त्या दिवसांतलं तेवढंच एक बोलणं म्हणायचं. बाकी मी गॅसकेट ठेवली, मॅनिफोल्ड चढवले, मधल्या नटापासून बाहेर बाहेर आवळत गेले, पाणी खालून आत आणि वरून बाहेर अशा नळ्या जोडल्या. आता गाड्यांचं बॉनेट उघडलं तर सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं, नटसुद्धा दिसत नाही. नातू म्हणतो, आजी, तुला समजायचं नाही. मी म्हणते, काढ ते झाकण.

यावेळी मांडव नव्हता, कर्णे नव्हते, काठावर फक्त माय. वासुदेवभाऊ एका पोट्ट्याला घेऊन आले होते. अकोल्याचा, ट्रक चालवणारा, केसांना तेल लावलेला. "हा आपला ड्रायव्हर," ते म्हणाले. "मिस्त्री, आज तुमी त्याले एक चक्कर मारून दाखवा, मंग तो पाहून घेईन." मी लाँचीत उभी होते. हातातला पाना मला जड वाटायला लागला. संपलं, मी मनात म्हटलं. आता हा त्या खोलीत राहील आणि मी बडनेऱ्याला जाऊन भाकरी करपवीन.

बाबा फळीवरून लाँचीत चढले. मी नेहमीसारखा त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी चक्रावर हात ठेवला. मग चक्र सोडलं, वळले आणि पायाने फळी चाचपडत परत काठावर उतरले. सगळ्यांसमोर चाचपडत. आजवर त्यांनी कुणासमोर तसं कधी केलं नव्हतं. मायच्या तोंडाला पदर गेला.

"वासुदेवभाऊ," बाबा म्हणाले, "मले दिसत नाई."

"म्हणजे?"

"डोये गेले जी माहे. आता नाई गेले, लय दिवस झाले. तुमाले वाटते मिस्त्री इंजिन जोडते. मिस्त्री नुसता बसून राह्यते. हे इंजिन कुंदानं जोडलं. पह्यले मेनफोल म्या लावाले सांगतले, थे चूक माही. तिनं दोनदा इचारलं, म्या तिले गप्प केलं. तुमी तिले बोलले तवाबी म्या गप्प राह्यलो." त्यांनी एकदा खाकरलं. "या पोट्ट्याले शिकवाचं असन तं तिले सांगा. माह्यापाशी शिकवाले काई नाई."

वासुदेवभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. "अबे, सरक बाजूले," ते शेवटी त्या तेल लावलेल्याला म्हणाले, आणि मला म्हणाले, "चालव बाई. पाहू दे."

मी इंजिन सुरू केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी मध्यापर्यंत गेले, त्याच्याही पुढे गेले, पेटीचं झाकण उघडून नव्या मॅनिफोल्डावर सरळ तळहात ठेवला. कोमट. मागच्या नळीतून धुराबरोबर पाणी फेकलं जात होतं, छान, एका तालात. मला परतायचंच नव्हतं. वासुदेवभाऊ पुढे बसून "बस, बस" म्हणत होते आणि मी अजून एक वळसा, अजून एक, असं करत राहिले. खोली मला मिळाली, चार पावसाळे मी त्या धरणावर राहिले. शेडही बाबा म्हणाले तशी बंद झाली. पण ते सगळं नंतरचं.

काठाजवळ आले तेव्हा मला माय-बाबा दिसले. लाँचीचा आवाज धरणाच्या भिंतीवर आपटून उलट येत होता, आणि बाबा त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून हात हलवत होते. जोरजोरात, लहान पोरासारखे. माय त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना फिरवत होती.

"तिकडं नाई हो," ती म्हणत होती. "इकडे पाहा. इकडून येऊन राह्यली तुमची पोरगी."